नाहूर ते वर्सोवा, पिशवीत तीन देव

रविवारी सकाळी नाहूरहून निघालो तेव्हा माझ्या खांद्याला जाड कापडी पिशवी होती आणि तिच्यात तीन देव होते. दत्त, लक्ष्मी आणि सत्यनारायण, तिघेही काचेच्या फ्रेममध्ये. वडील गिरणीत होते तेव्हा परळच्या खोलीत लावलेल्या या तसबिरी. आता कसर लागून दत्ताचं एक तोंड गेलं होतं आणि लक्ष्मीचे हत्ती पुसले होते.

"अहो, नव्या देव्हाऱ्यात हे शोभत नाहीत," माझी बायको शुभदा म्हणाली. "आणि देव काय कचऱ्याच्या डब्यात टाकायचे? वाहत्या पाण्यात सोडून या."

आमच्याकडे रीतच आहे ती. वडील कोकणात गावच्या नदीत जुने देव सोडायचे. पण ते सोडायचे तो कागद नाहीतर माती. काच नव्हती. एवढा साधा फरक त्या सकाळी माझ्या डोक्यात आला नाही, आणि मी तीस वर्षं शाळेत परिसर अभ्यास शिकवलाय! 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' हा निबंध मी किती वर्गांकडून लिहून घेतला असेल, देव जाणे.

जवळच्या खाडीपुलावर हल्ली उंच जाळी बसवली आहे. शिवाय आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी तिथे फिरायला आलेलं असतंच. वर्सोव्याला मला कोण ओळखतंय? मढला जाणारी फेरीबोट पकडायची, मधोमध देव सोडायचे, पलीकडे जरा हिंडायचं आणि परत. बेत झकास होता.

घाटकोपरला मेट्रोच्या तपासणीत पिशवी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला.

"अंकल, क्या है इसमें?"

"भगवान."

गार्डने पडद्याकडे पाहिलं, हात जोडले आणि मला सोडलं. मनात म्हटलं, चला, देवच पाठीशी आहेत.

वर्सोवा गावात शिरलं की उंच इमारती मागे पडतात आणि सुकत्या मासळीचा वास पुढे येतो. बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले होते. धक्क्यावर पोचलो तर ओहोटी. बोट गाळात बसलेली.

"ओ दादा, उन्हात कशाला उभे? पाणी चढल्याबिगर बोट नाय सुटायची," एका दारातून हाक आली.

या बेबीताई. पन्नाशीच्या, नाकात मोठी नथनी, आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. त्या ओट्यावर बसून सुनेला कोळंबी निवडताना सूचना करत होत्या. स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवलेला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत पट्टी. बसता बसता मी विचारलं, "हाताला काय झालं, ताई?"

"देव लागला."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी घराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे भिंतीला टेकून देवांच्या फ्रेमा रचल्या होत्या. काही मोडक्या, काहींवर शेवाळ.

"जाल्यात म्हावरं (मासळी) कमी आणि देव जास्ती. जाल्यातून मासे काढताना काच शिरली. टाके पडले. सुरी धरता येत नाय, मग बाजारात काय बसू? बिल्डिंगवाले येतात, हात जोडतात, टाकतात, जातात. पुण्य त्यांना, काच आमाला." मग माझ्याकडे वळून, "तुमी काय म्हावरं न्यायला आलात? पिशवी मोठी आणलीत."

"नाही, नाही. पुस्तकं आहेत. मी मास्तर होतो."

तोंडातून निघून गेलं. पिशवी मी पायाने ओट्याखाली सरकवली. आत काच काचेवर वाजली. बेबीताईंनी एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मास्तर? मग बरंच झालं. एक बोर्ड लिवून द्या. सुनेचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

सून हसली आणि तिने फळी, लाल रंग, ब्रश आणून दिला. नाही कसं म्हणणार? मी घोटून लिहिलं : 'खाडीत देवांचे फोटो व काचा टाकू नयेत.' खाली लिहायला लागलो, 'त्यामुळे कोळी बांधवांना इजा...'

"इजाबिजा नको," बेबीताई म्हणाल्या. "लिवा, आमचे हात कापतात."

मी तसं लिहिलं. त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील वाढले. असे कुरकुरीत बोंबील मी आयुष्यात खाल्ले नसतील; खाताना एक पाय मात्र ओट्याखालच्या पिशवीवरच होता.

पाणी चढलं, बोट सुटली. आता वाचणाऱ्याला वाटेल, मास्तर शहाणा झाला. कसला शहाणा! परत नेले तर शुभदाला काय सांगू? घराबाहेर काढलेले देव पुन्हा घरात? एवढ्या एका वेळेने काय होतंय? बोटीत शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीतली फ्रेम पाहिली आणि आपुलकीने म्हणाल्या, "काका, विसर्जन आहे ना? इथे टाका, इथे पाणी खोल आहे." आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मागे बोटीत स्कूटर धरून उभ्या असलेल्या माणसानेही जोडले.

मी सत्यनारायण सोडला. फ्रेम क्षणभर तरंगली, काच उन्हात चमकली आणि बुडाली. दुसऱ्या फ्रेमला हात घातला तेव्हा बोटांना लाल रंग दिसला, बोर्डाचा. मग हात बाहेर काढला तो रिकामाच.

मढला उतरलो, पण काही पाहिलं नाही. तीच बोट धरून परत आलो. बेबीताई धक्क्यावरच होत्या. बोर्ड खांबाला टांगून झाला होता.

"मास्तर, पिशवी हलकी झाली की हो."

मी पिशवी खाली ठेवली. म्हणालो, "एक टाकला, ताई. चुकलं माझं."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"केवढा होता?"

मी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करून माप दाखवलं. त्यांनी बाजूच्या होडीत जाळं आवरणाऱ्या नवऱ्याला हाक मारली, "अवो, उद्या जालं वढताना बघून! मास्तरांनी एक सोडलाय, एवढा हाय!" आणि पट्टीच्या हातासकट दोन्ही हात वर करून माझंच माप दाखवलं.

"तो बोर्ड काढून टाका," मी म्हणालो. "मी लिहिलेला नको."

"कशाला? अक्षर चांगलं हाय."

घरी येऊन स्क्रूड्रायव्हरने उरलेल्या दोन फ्रेमा उघडल्या. कागद बादलीत भिजवून जास्वंदीच्या कुंडीत घातला. काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर मोठ्याने 'काच' लिहिलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

शुभदा दारात उभी राहून बघत होती. "अहो, तिसरा कुठाय?"

"खाडीत."

"चला," ती म्हणाली, "एकाचं तरी नीट झालं."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने काचेच्या पुडक्यावर आणखी एक वर्तमानपत्र गुंडाळलं.

याला महिना झाला. बेबीताईंचा अंगठा बरा झाला का आणि माझा सत्यनारायण कुणाच्या जाळ्यात आला, हे विचारायला वर्सोव्याला जायचं आहे. दर रविवारी पिशवी काढतो आणि परत खुंटीला लावतो.