सक्तीची रजा

बँकेत ज्याला रजा नको असते तो माणूस धोक्याचा, हे मी युगांडात, कंपालाला शिकलो. तिथल्या एका बँकेत मी बरीच वर्षं अकाउंटंट होतो. नियम असा की पैशाच्या जागेवरच्या माणसाने वर्षातून सलग दोन आठवडे घरी बसायचं. फोन नाही, कॉम्प्युटर नाही. त्याच्या खुर्चीत दुसरा बसतो आणि घोटाळा असेल तर आपोआप वर येतो. ही रजा लोकांना मीच लावायचो. एक पठ्ठ्या तर लग्नाची हळदही उतरली नसताना कामावर हजर! सगळे म्हणाले, काय ही निष्ठा! मी म्हटलं, कसली निष्ठा, कुठेतरी पाणी मुरतंय. आणि मुरतच होतं.

पुढे त्याच बँकेने आफ्रिकेतल्या शाखांचे हिशेब तपासायला मला सिंगापूरला आणलं. इथे मी नुसता तपासणारा, त्यामुळे तो नियम मला कधी लागला नाही. आणि यंदा एकदम माझी साहेबीण गोड हसून म्हणाली, "दोन आठवडे रजा घ्या. लॅपटॉप इथेच ठेवा."

लॅपटॉप इथेच ठेवा! माझं डोकंच फिरलं. मला शिकवते?

बेडोक भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, कर नाही त्याला डर कशाला? जाऊ या की कुठेतरी."

"अगं, रजा नाही ती, झडती आहे."

लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, रिलॅक्स लाह!" हे 'लाह' इथल्या शाळेतून आलेलं.

कसलं रिलॅक्स? आमचा इथे राहायचा पास नोकरीवर, घर पासवर, हिची शाळाही त्याच्यावरच. कोणी नुसतं बोट दाखवलं तरी गाशा गुंडाळायचा.

म्हणून जाण्याआधी झपाटल्यासारखा कामाला लागलो. कुठल्या शाखेचा आकडा कुठून येतो, कोण आठवण करून दिल्याशिवाय काही पाठवत नाही, लुसाका शाखेचा मॅनेजर फार गोड बोलायला लागला की त्याला काय विचारायचं, सगळं पायरीपायरीने लिहून माझ्या जागी बसणाऱ्या सहकाऱ्याला दिलं. इतकं सोपं की शेंबडं पोरही करील. शोधा म्हटलं, काय सापडतंय ते!

रजेत रोज खाली हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, कॉफी घेऊन बसायचो, फोन समोर. एक शंका नाही, एक प्रश्न नाही. फोन येत नाही म्हणजे फास आवळतायत, अशी माझी खात्रीच झाली. समोर मासे खाणाऱ्या एका टायवाल्याचाही मला संशय आला. बायको म्हणाली, "आता त्या माशाचीही चौकशी करा."

परत गेलो त्या दिवशी साहेबिणीने केबिनमध्ये बोलावलं. "काहीही सापडलं नाही. एका पैशाचाही घोळ नाही."

माझी छाती फुगली. तिने उठून दार लावलं.

"तुम्ही इतकं स्वच्छ लिहून ठेवलं होतंत की तुम्हाला एकदाही फोन करावा लागला नाही. वरच्यांचं म्हणणं आहे, मग या कामाला वेगळा माणूस कशाला? या महिनाअखेरपर्यंतच तुमची नोकरी. मला खरंच वाईट वाटतंय."

घरी आलो तर बायको दारातच. "काही सापडलं का हो त्यांना?"

"काही नाही."

"बघा, मी म्हटलं नव्हतं!" म्हणत ती देवापुढे साखर ठेवायला आत गेली. मी दारातच बूट काढत बसलो.