चंदाच्या बांगडीचं माप

शामसुंदर ठवकरांचा पाय स्टुलाखाली सारखा हलत असे. कैंप-1 मधल्या त्यांच्या बेरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकापेक्षा हा पायच जास्त चालतो, असं शेजारचा चहावाला सांगत फिरायचा. चहावाल्याचं काय, चहातलं दूध पातळ असलं की त्याला गप्पा घट्ट लागतात. पण त्या महिन्यात पाय जरा जास्तच हलत होता, हे खरं. शामसुंदररावांनी अंदाजाने दिलेली दोन बेरिंगं परत आली होती, आणि मुलगा अभिनव जेवता जेवता, ताटातून मान वर न करता म्हणाला होता, "बाबा, तिसरं वापस आलं तर आप घर पे आराम करो. मी कंप्यूटरवर नंबर पाहूनच देत जाईन."

स्टील प्लांटच्या स्टोअरमध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस सेक्टर 2 च्या घरात दिवसभर बसवायचा, ही शिक्षा त्यांना होती की त्यांच्या बायकोला, कमलिनीबाईंना, यावर घरात एकमत नव्हतं.

अशात अहिवाऱ्याहून पिठाच्या चक्कीवाला धर्मेंद्र आला, रिकाम्या हाताने. चक्कीचं ते गोल असते ना, लोखंडी, ते द्या म्हणाला. नंबर? घासून गेलेला. जुनं बेरिंग? भंगारवाल्याकडे. मग चक्की उघडून शाफ्ट मोजून आण. तर चक्कीची किल्ली बायकोजवळ, आणि बायको दुर्गला माहेरी.

खोटं कशाला बोला, आता शामसुंदररावांना बेरिंगापेक्षा बायकोत जास्त रस वाटायला लागला. दोन प्रश्नांत सगळं बाहेर आलं. तेलकट बेरिंग चार दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून होतं. बायकोने, म्हणजे चंदाने, ते हातावर घेऊन फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला, हे उचला म्हणून. त्याने उचललं नाही. तिने भंगारात देऊन टाकलं. तो नको ते बोलला, आणि ती किल्ली कमरेला खोचून निघून गेली. त्याचा फोन ती घेत नव्हती. नवं बेरिंग हातात असेल तरच दुर्गला जाऊन किल्ली मागायला तोंड राहील, असं त्याचं म्हणणं. तिकडे गाव दुसऱ्या चक्कीवर दळून राहिलं होतं.

फोटो तेवढा फोनमध्ये होता. शामसुंदरराव उठले, बसले, पुन्हा उठले. बेरिंग कोणत्या घराण्यातलं ते चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्या घरात तीन भाऊ, बावन्न, बासष्ट आणि बहात्तर मिलिमीटरचे, आणि फोटोत तिघेही सारखेच दिसतात. डबे काढले, ठेवले. अभिनव कंप्यूटरमागून बघत होता. तेच जास्त झोंबत होतं.

मग त्यांना बांगडी दिसली. फोटोत बेरिंगाला लागूनच, चंदाच्या मनगटावर. त्यांनी फोनवर पट्टी ठेवली. पट्टी लागली की फोटो पळे. चौथ्या खेपेला जमलं. बेरिंग बांगडीपेक्षा किंचितच मोठं होतं.

"बायकोच्या बांगडीचं माप काय तुया?"

धर्मेंद्रने बराच विचार केला. "गोल हाय, काका."

"अकरा वर्षं संसार करून राहिला ना बे तू?"

शामसुंदररावांनी लग्नानंतर कमलिनीबाईंसाठी तीनदा चुकीच्या बांगड्या आणल्या होत्या. ते माप त्यांच्या डोक्यात तेव्हापासून कोरलेलं. पण ते इथे कशाला सांगा. त्यांनी चंदाचा नंबर घेतला आणि दुकानाच्या फोनवरून लावला.

"कोन बोलून राहिलं?"

"मी बेरिंगवाला ठवकर, कैंप एकचा. बाई, तुमच्या बांगडीचं माप सांगता काय?"

चहावाल्याच्या हातातली किटली थांबली.

"कावून?"

"धर्मेंद्र इथं उभा हाय. त्याले मालूम नाही म्हनते."

यात एक शब्द खोटा नव्हता.

"त्याईले काय मालूम राहते," चंदा म्हणाली. "दोन-चार." आणि मग जरा हळू, "हिरव्या सांगा."

दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, सवादोन इंच, सत्तावन्न मिलिमीटर. बेरिंग त्याहून जरासं मोठं, म्हणजे मधला भाऊ, बासष्टवाला. धर्मेंद्रच्या हातात डबा दिला आणि दोन-चारच्या हिरव्या बांगड्यांचा निरोपही दिला. अभिनवने एवढंच विचारलं, "पक्का?"

पक्का म्हणाले खरे. पण पुढचे तीन दिवस दुकानासमोर मोटारसायकल थांबली की पाय हले, नाही थांबली तरी हले. कमलिनीबाईंनी त्यांची खाट भिंतीपासून दूर सरकवून घेतली, ठकठक ऐकू येते म्हणून.

चौथ्या दिवशी चंदा स्वतः आली. हातात वर्तमानपत्राची पुडी. अभिनवने मान वर केली. शामसुंदररावांचा पाय थांबला.

"काका, हे वापस करायचं हाय."

पुडी उघडली. आत डझनभर हिरव्या बांगड्या.

"हात खाली केला का गळून पडतेत. माप इसरले म्हने हे. मंग बेरिंगच नेलं बांगडीच्या दुकानात, अन् त्याच्यावर लावून घेतल्या."

"अन् चक्की?" अभिनवने विचारलं.

"चक्की मस्त चालून राहिली. तिचं माप बराबर आनलं ना."

शामसुंदररावांनी पुडी पुन्हा नीट बांधली आणि चपला चढवल्या. बांगडीवाल्याकडे आपणच चलतो म्हणाले, दोन-चार त्यांना पाठ होतं. दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"अभिनव, स्टुलावर कोनाले बसू नको देजो."