हुसेन फौजदारांचा खटला

हुसेन फौजदार विश्रांतवाडीत गाद्या भरायचे. आळंदी रोडला लागूनच त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे खोली. फौजदार हे त्यांचं आडनाव. पणजोबा कुठल्याशा संस्थानात फौजदार होते असं घरात सांगत. फौजदाराचा घोडा सांभाळत असं गावाकडचे लोक सांगत. हुसेनभाईंनी या वादात कधी भाग घेतला नाही. त्यांना वर्दीची भीती वाटे. चौकात पोलीस दिसला की ते सायकलवरून उतरून चालू लागत.

शेजारच्या चाळीतल्या खोलीत बायडाबाई राहायची. विधवा बाई, भाजी विकायची. चाळीचे मालक आप्पासाहेब यांना तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. बाकीचे भाडेकरू निघून गेले, बायडाबाई हलेना. मग एका दुपारी आप्पासाहेबांनी चार माणसं पाठवली.

भांडी रस्त्यावर पडल्याचा आवाज आला तसे हुसेनभाई बाहेर आले. अंगात खाकी सदरा होता, कारण खाकीवर मळ दिसत नाही. हातात कापूस झोडायची काठी होती. बायडाबाई उंबरठ्यावर आडवी बसली होती आणि दोघं जण तिला दंडाला धरून ओढत होते.

"सोडा तिला!" हुसेनभाई म्हणाले.

"तू कोण रे?"

"मी फौजदार."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने हातातला हंडा हळूच खाली ठेवला. मग ते गेले. हुसेनभाई आत येऊन खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. सितारा, त्यांची बायको, म्हणाली, "अहो, पाणी घ्या. ती काठी आता ठेवा खाली."

आठवड्याभरात ते चौघे शहाणे झाले आणि आप्पासाहेबांनी फिर्याद दिली. सरकारी अधिकारी असल्याची बतावणी केली, हा आरोप. हवालदार संपत समन्स घेऊन आले. दारावरची पाटी वाचून ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "फौजदारसाहेब, इथं सही करा."

वकील मिळाल्या मंदाकिनीबाई. त्यांनी एकच गोष्ट बजावली. "मी फक्त माझं नाव सांगितलं, एवढंच म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही."

साक्षीला पोलीस ठाण्याचे अधिकारी आले. मंदाकिनीबाईंनी विचारलं, "आपला हुद्दा?"

"पोलीस उपनिरीक्षक."

"फौजदार नाही?"

"लोक म्हणतात फौजदार."

"नेमणुकीच्या हुकमात काय आहे?"

"उपनिरीक्षक."

"म्हणजे लोकांचं चुकतं?"

"घरीही फौजदारच म्हणतात," अधिकारी म्हणाले.

मग हुसेनभाई पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी खाकी सदऱ्याचं विचारलं, काठीचं विचारलं. शेवटी म्हणाले, "नावच सांगायचं होतं, तर हुसेन का नाही सांगितलं?"

मंदाकिनीबाईंनी हुसेनभाईंकडे रोखून पाहिलं. त्यांना ते दिसलंही. पण खरं बोलेन म्हणून त्यांनी नुकतीच शपथ घेतली होती, आणि ती त्यांना गंमत वाटत नव्हती.

"हुसेन म्हटलं असतं तर ते थांबले नसते," ते म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. कोर्टात मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली नाही. ते लिहीत होते.

निकालात त्यांनी म्हटलं, आरोपीने अंगावर वर्दी घातली नव्हती, कुणाला अटक केली नाही, खरं आडनाव उच्चारलं. फौजदार नावाचं पद आज पोलीस दलात नाही. नसलेल्या पदाची बतावणी शाबीत होत नाही. मग चष्मा काढून ते हुसेनभाईंना म्हणाले, "यापुढे पूर्ण नाव सांगत जा."

"जी, साहेब."

आप्पासाहेबांनी आता रीतसर दिवाणी दावा लावला. बायडाबाई नोटीस घेऊन दुकानात आली. "ह्यात मला काय म्हनलंय बघा."

"प्रतिवादी म्हटलंय."

"शिवी हाय का?"

"नाही. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला कुणी हलवू शकत नाही, असं मंदाकिनीबाई म्हणतात."

बायडाबाईने 'प्रतिवादी' हा शब्द दोनतीनदा पुटपुटून पाहिला. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांचा माणूस खोलीची मापं घ्यायला आला, तेव्हा ती मेथी निवडत दारात बसली होती. तिने वर न बघता सांगितलं, "मी प्रतिवादी हाय. चपला तिकडं काढ."

त्याने काढल्या. दावा अकरा वर्षं चालला. एवढ्या काळात आप्पासाहेब वारले, त्यांचा मुलगा वाघोलीला बंगला बांधून राहायला गेला आणि गाळ्यांचा विषय मागे पडला. बायडाबाई त्याच खोलीत, हुसेनभाईंनी भरलेल्या गादीवर, म्हातारी होऊन वारली. कोर्टात पुढची तारीख पडली होती, तिला मात्र जाता आलं नाही. पुकारा झाला तेव्हा हुसेनभाईच उठून उभे राहिले आणि प्रतिवादी वारल्याचं त्यांनी सांगितलं.

"आपण कोण?" कारकुनाने विचारलं.

"शेजारी," हुसेनभाई म्हणाले.