खिळ्याची मान

माझी आत्या दातांचे खिळे बनवते. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवतात आणि त्यावर नवा दात चढवतात. त्या इम्प्लांटची ड्रॉइंग करणं हे तिचं कारखान्यातलं काम. घरात ती 'खिळेआत्या'. हे नाव तिच्या दादानं, म्हणजे माझ्या बाबांनी पाडलं आणि तिला ते कधीच आवडलं नाही.

बाबा रेडिओवर बातम्या वाचायचे. जिन्यात पाय घसरून त्यांचा वरचा, समोरचा दात गेला तेव्हा आत्याच त्यांच्या मागे लागली. "आमच्या कारखान्याचा बसवून घे, दादा. पुन्हा बघायला नको."

सुरुवातीला सगळं झकास होतं. मग हिरडी वर सरकू लागली, दाताच्या मुळाशी काळपट धातू डोकावू लागला आणि प्रत्येक 'स'बरोबर माइकवर बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. श्रोत्यांचे फोन यायला लागले.

दंतवैद्यांनी एक्स-रे उजेडात धरला. खिळ्याच्या मानेभोवतीचं हाड झिजून बशीसारखा खळगा पडला होता.

"थोडंफार हाड जाणं नेहमीचंच असतं," ते म्हणाले.

"नेहमीचं? हे कुणी ठरवलं?" आत्याचा आवाज इतका चढला की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली.

तिला कारण कळत होतं, म्हणून तर तिचा जास्त जळफळाट झाला. त्या खिळ्याची मान आरशासारखी गुळगुळीत होती. गुळगुळीत धातूला हाड नीट धरत नाही, चावण्याचा जोर त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि ज्या हाडाला काम उरत नाही ते आटत जातं. शिवाय खिळा आणि त्यावरचा जोडाचा तुकडा जिथे मिळतात ती फट नेमकी हाडाच्या काठाशी. तिथे जंतूंना आयतं घर.

आत्यानं नवी मान काढली. तिच्यावर बारीक आटे घेतले आणि वरचा तुकडा खिळ्यापेक्षा अरुंद ठेवला, म्हणजे फट आत सरकून हाडापासून लांब जाईल. ही काही तिची एकटीची अक्कल नव्हती. इतर ठिकाणी हे झालेलं होतं, तिनं वाचलेलं होतं. कारखान्यातले साहेब लगेच हो म्हणतील असंच तिला वाटलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, चकाकी दिसली की डॉक्टर खूश होतात. हाडाच्या आतले आटे कोण बघतंय?"

"हाड बघतं," आत्या म्हणाली. साहेबांनी हसून फोन कानाला लावला.

मग तिनं त्यांचा पिच्छाच पुरवला. प्रत्येक बैठकीत तोच विषय. लोक तिला येताना पाहून चहाला उठायचे. शेवटी कटकट मिटावी म्हणून साहेबांनी नमुने करायला परवानगी दिली. लेथवरचा कारागीर वैतागला. "ताई, एवढे बारीक आटे घेताना हत्यार मोडतंय. टायटॅनियम आहे हे, साबण नाही." तरी दोघांनी मिळून ते जमवलं.

चावण्यासारखा जोर पुन्हा पुन्हा देणाऱ्या यंत्रावर नमुने चढले. जाड खिळे टिकले. बारीक मापाचे मात्र मानेशीच तडकले. बाहेर आटे आणि आत जोडाची पोकळी, यांच्यामध्ये धातूच पुरेसा उरला नव्हता.

"घ्या! हाड वाचलं आणि खिळा मोडला," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

चूक तिचीच होती आणि ते तिला झोंबलं. तिनं मापं वर-खाली करून मानेची भिंत जाड केली, आटे उथळ केले, नवं ड्रॉइंग घेऊन गेली. तोवर निर्णय झाला होता. नवी मान फक्त जाड मापात निघणार. बारीक माप जुन्याच चकचकीत मानेचं राहणार.

"पण बारीक हाडाच्या माणसांनाच त्याची जास्त गरज आहे!"

"पुढच्या वर्षी बघू, मॅडम."

दरम्यान बाबांचा खिळा हलू लागला आणि काढावा लागला. उरलेलं हाड इतकं अरुंद की जाड खिळा बसणं शक्यच नव्हतं. हाड भरण्याची शस्त्रक्रिया करता येईल, असं दंतवैद्य म्हणाले. बाबांनी हात जोडले. "आता माझ्या तोंडाला जरा सुट्टी द्या." त्यांनी काढता-घालता येणारी एका दाताची कवळी घेतली. ती बोलताना टाळूला लागते, म्हणून त्यांनी माइक सोडला आणि बातम्या लिहिण्याच्या टेबलावर बसू लागले.

नव्या मानेचे खिळे मात्र चांगले चालले. बाहेरच्या डॉक्टरांकडून एक्स-रे आले. हाड काठापर्यंत जागच्या जागी. कारखान्यात आत्याचं अभिनंदन झालं. घरी येऊन तिनं पर्स सोफ्यावर आपटली.

"अगं, पेढे आण की," बाबा म्हणाले.

"तुझ्या तोंडात बसेल असा एक तरी आहे का त्यात?"

"माझ्यासाठी करत होतीस होय?"

"मग कुणासाठी?" ती ओरडली आणि रडायलाच लागली. बाबांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

बारीक खिळ्याचं ड्रॉइंग साहेबांकडे अजून पडून आहे. आत्या दर आठवड्याला विचारते. आता तर तिला दारात पाहिल्याबरोबर ते मान हलवून नाही म्हणतात.