आतून कडी

आमच्या बिल्डिंगचं पाणी माझ्या खोलीतून वर जायचं. खोली घेताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ती घेतलीच असती.

घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत ही चार मजली बिल्डिंग. मालक मूळचे तिथलेच. त्यांची भातशेती आणि खाडीकडचं मिठागर शहरासाठी गेलं, मग राहत्या घराच्या जागेवर त्यांनी आधी एक मजला चढवला आणि जमेल तसे पुढचे. माझी पहिल्या मजल्यावरची खोली म्हणजे एकेकाळी त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर. वरचे मजले आले तरी पाइप होते तिथेच राहिले. तळटाकीतलं पाणी पंपाने गच्चीवर चढवायचं, तर माझ्या मोरीतला पितळी व्हॉल्व्ह उघडावा लागे. टाकी भरली की बंद करावा लागे. रोज दुपारी मालक आपल्याजवळच्या किल्लीने माझं दार उघडून व्हॉल्व्ह फिरवायचे, खाली जायचे, आणि थोड्या वेळाने बंद करायला पुन्हा यायचे.

मी तेव्हा रबाळ्याच्या एका कंपनीत, लॅबमध्ये असायची. संध्याकाळी घरी आल्यावर ते येऊन गेल्याच्या खुणा दिसत. मोरीपासून दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे वाळलेले. मी विसरलेला पंखा बंद केलेला. एकदा वारा सुटला होता, तेव्हा खिडकी लावून माझ्या पुस्तकांवर टॉवेल टाकलेला. त्यांनी कधी कशाला हात लावला नाही. तरी मी माझे आतले कपडे खोलीत वाळत घालायचं सोडून दिलं. ते ओलेच पिशवीत घालून लॅबच्या लॉकरमध्ये नेऊन वाळवायची. ही गोष्ट मी मैत्रिणींनाही सांगितली नव्हती.

बोलायची हिंमत नव्हती, कारण खोली मिळाली होती हेच मला मोठं वाटत होतं. एकटी मुलगी म्हटल्यावर एजंट फोन ठेवून द्यायचे. काकांनी, म्हणजे मालकांनी, फक्त दोन प्रश्न विचारले होते. गाव कुठलं, आणि शिकलीस किती. बी.एस्सी. म्हटल्यावर आत वळून काकूंना म्हणाले, "पोरगी केमिस्ट्री शिकलीय. दे तिला वरची." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझ्या शिक्षणावर कोणी घर देईल, असं वाटलं नव्हतं.

मग करार झाला. एजंट पानं उलटत म्हणाला, "सगळं स्टँडर्ड आहे मॅडम, सही करा." मी म्हटलं, वाचते. तो मोबाइल काढून बसला. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की मालकाला जागा पाहायला यायचं असेल तर त्याने आधी कळवावं, आणि योग्य वेळी यावं. मी ते वाक्य परत परत वाचलं. आमच्या गावी ग्रामसेवकसुद्धा न विचारता चुलीपर्यंत येतो. आणि इथे शहाण्या माणसांनी कधीतरी बसून विचार केला होता की माझ्यासारखीच्या खोलीत येण्याआधी तिला विचारलं पाहिजे. ते मला इतकं भव्य वाटलं की व्हॉल्व्हचं कळल्यावरही ते वाक्य काकांना दाखवावंसं वाटलं नाही. ज्या माणसाने दार उघडून दिलं, त्याच्यासमोर त्याच दाराचा कायदा कसा धरायचा?

असंच चाललं असतं. पण आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, पडून राहायचं. आमच्या माणदेशातल्या गावी पडून राहणं शक्य नव्हतं. तिथे दार पहाटे उघडतं ते झोपताना लागतं. मध्ये कोणी लावलंच, तर घरात भांडण झालंय किंवा मयताला गेलेत असं लोक समजतात. आईला बघायला बायका यायच्या, आणि आई उठून त्यांच्यासाठी चहा टाकायची. टाके दुखायला लागले, एक जागा पिकली. डॉक्टर रागावले. पुन्हा असं झालं तर परत उघडावं लागेल, म्हणाले. तेव्हा मी तिला घणसोलीला घेऊन आले. इथे तिला ओळखणारं कोणी नाही, म्हणजे तिला विश्रांती मिळेल, असा माझा हिशेब.

आईने खोली फिरून पाहिली. मोरीला आतून कडी आहे, हे तिने दोनदा लावून पाहिलं. गावी ती आयुष्यभर उजाडायच्या आत, दोन लुगडी बांधलेल्या आडोशाला आंघोळ करत आली होती. पहिल्या दिवशी ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मी घाबरून हाक मारली. आतून म्हणाली, "काय न्हाई गं. बसलीया."

पण थोड्याच दिवसांत लक्षात आलं की तिचा चेहरा उतरतोय. विचारलं तर, "बरी हाय." शेवटी एका शनिवारी मी घरी होते तेव्हा कळलं. जेवण झाल्यावर आई आडवी झालीच नाही. डोक्यावर पदर घेऊन कॉटच्या कडेला बसून राहिली.

"झोप की."

"दादा येत्याल."

जिन्यात कोणीतरी खाकरलं. आई लगेच कॉटला धरून उठायला लागली. तिला उभं राहायला वेळ लागत होता, आणि ती पुरती उभी राहायच्या आत किल्ली फिरली. काका आत आले, मान खाली घालून मोरीकडे गेले. आईने तोवर गॅस पेटवला होता.

"आई, तू चहा कशाला करतेस?"

"घरी आल्याल्या मानसाला तसंच घालवायचं? आन् घर तरी त्येंचंच की."

काकांनी चहा घेतला. उभ्यानेच, गरम गरम, घाईघाईने. मग व्हॉल्व्ह बंद करायला आले तेव्हा दुसरा घेतला. ते गेल्यावर मी म्हटलं, "हे असं दार न वाजवता येणं बरं नाही."

"वाजवत्यात की," आई म्हणाली. "खाकरत्यात जिन्यात. सासऱ्यासारखं. चांगला मानूस हाय."

इतके महिने सुट्टीच्या दिवशी ते खाकरणं ऐकूनही त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. खाकरणं म्हणजेच दार वाजवणं होतं. बायका असलेल्या घरात शिरताना मोठी माणसं पदर सावरायला वेळ देतात, तेवढा वेळ. पण तो धडधाकट बाईला पुरणारा वेळ. टाके असलेल्या बाईला तो पुरत नव्हता.

रविवारी मी मन घट्ट करून खाली गेले. काकूंनी मला बसवलं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. काकूंसमोर बसून मला विषय काढता येईना. त्यांनीच विषय काढला.

"तुज्या आयशीला सांग, आमच्या ह्यांना चहा नको देऊ. रोज दोन कोप. शुगर हाय त्यांना. घरात साखर बंद केली, आन् वर जाऊन बिनधास पितात."

"मंग काय करू?" काका दाराबाहेरच्या ओट्यावरून म्हणाले. "बाय एवढी उठून करते, तर नाय बोलू?"

"तुमी काय, विषाला बी नाय बोलनार नाय."

मग मी हळूच म्हणाले, "काकू, तिला उठायलाच नको सांगितलंय. तिचं ऑपरेशन झालंय. पिशवीचं." हे काकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज खाली आणला होता. काकूंचा हात भाकरीवर थांबला.

"आन् हे आता सांगतेस?"

"काकांनी जरा दार वाजवलं, आणि ती हो म्हणेपर्यंत थांबले..."

ओट्यावरून काका म्हणाले, "टकटक पोलीस करतात पोरी. नायतर वसुलीवाले. आपल्या मानसाच्या दारावर कोन टकटक करतो?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. मी वर निघून आले. मागून काकू त्यांना दबक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या.

सोमवारी कामावर जाताना मी आईला म्हटलं, "आज जेवलीस की आतून कडी लाव. काकांनी हाक मारली की सावकाश उठ आणि काढ. तोवर ते थांबतील."

"दिवसाढवळ्या कडी? लोक काय म्हनत्याल?"

"इथं कोणी काही म्हणत नाही."

दुपारी लॅबमध्ये फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई. "अगं, तुझी आई घरी आहे ना? आतून कडी लावलीय. पाणी चढलं नाहीये, माझी मशीन अर्ध्यात बंद पडलीय. मालक बाहेर नुसते बसलेत. मी बोलले वाजवा, तर वाजवत पण नाहीत."

आई आत पडली तर नसेल? मी म्हटलं, थांबा, तिला फोन लावते. तेवढ्यात फोन काकांनी घेतला.

"फोन नको लावू. निजलीय ती."

"कशावरून काका?"

"घोरतेय. मस्त घोरतेय."

मी साहेबांना सांगून निघाले. रिक्षा देवळापर्यंतच येते, तिथून धावत आले. जिन्यात पायऱ्यांच्या कडेला भरलेल्या बादल्या होत्या. तळटाकीतून काढून काकू आणि त्यांची सून त्या वर पोचवत होत्या. माझ्या दाराबाहेर, पायरीवर काका बसले होते. किल्ली हातात. कुलूप त्यांनी उघडलं होतं, पण आतली कडी त्यांच्या किल्लीने निघणारी नव्हती. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, त्यांच्याच जुन्या स्वयंपाकघराबाहेर ते चपला काढून बसले होते. ताई वरच्या कठड्यावरून वाकल्या होत्या.

"काका, एक धक्का मारला तर ती कडी निघेल. तुमचीच आहे ना रूम?"

"रूम माजी हाय," काका म्हणाले. "झोप माजी नाय."

"म्हणजे आम्ही असंच बसायचं?"

"बादली दिली ना तुला? काय नाय तर मशीनचे कपडे हातानी पिळ. आमच्या बायका पिळायच्या."

ताई पुटपुटत आत गेल्या. मी काकांच्या शेजारी उभी राहून कान दिला. दारामागून आईचं घोरणं येत होतं. संथ, जाड, मधेच अडकून पुन्हा सुरू होणारं. घरी ती आमच्या आधी उठायची आणि आमच्या नंतर झोपायची. त्यामुळे तो आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. माझी आई घोरते, हे मला शिक्षण, नोकरी सगळं झाल्यावर कळत होतं. मी पदवीच्या दिवशी रडले नव्हते. तिथे, जिन्यात, डोळे भरून आले. काकांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहून भिंतीकडे बघितलं.

"काका, सॉरी. मीच सांगितलं होतं तिला कडी लावायला. मी उठवते."

"कशाला? पंप काय पळून जात नाय." मग हातातल्या किल्लीकडे बघत म्हणाले, "काकूने सांगितलं मना. मना काय म्हाईत, पोरी. मी आपला येत व्हतो, जात व्हतो. आमच्या घरातली बाय दुपारची निजलेली मी कदी बगितलीच नाय. आय नाय, काकू नाय. आज हे ऐकलं आन् वाटलं, मोडायचं नाय."

मीही चपला काढून त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. खालून काकूंनी विचारलं, "उठली का?" काकांनी नुसता हात हलवला.

बऱ्याच वेळाने आत कॉट करकरली. कडी निघाली. आईने दार किलकिलं केलं. समोर मी, काका आणि बादल्या पाहून तिचा चेहरा पांढराफटक झाला. केस मोकळे, गालावर उशीचे वळ, पदर खांद्यावर. तिने झटकन डोक्यावर पदर ओढला.

"आगं बया. झोप लागली मला. पानी ऱ्हायलं का?"

काका उठून उभे राहिले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. एक पायरी खाली उतरले, म्हणजे दारापासून लांब, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "बाय, आत येऊ का? व्हॉल्व्ह फिरवायचा हाय."

आईला हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. माहेरी नाही, सासरी नाही, दवाखान्यातही नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, मी उत्तर द्यावं म्हणून. मी मुद्दाम जिन्याकडे पाहिलं. तिने मागे वळून खोलीकडे पाहिलं. विस्कटलेलं अंथरूण, उशाशी पडलेली केसांची पिन. मग काकांकडे.

"दादा, जरा थांबा हां," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

आत अंथरूण झटकल्याचा आवाज आला. मग तांब्यात पाणी ओतल्याचा. ती घाई करत नव्हती. बाहेर बिल्डिंगचे मालक आणि भाडं भरणारी मी, दोघं चपला हातात धरून उभे होतो.

वरून ताईंनी पुन्हा विचारलं, "काका, झालं का?"

"थांब गो," काका म्हणाले. "बाय बोलली, थांबा."