कड्याखालच्या आठ चुली

हे मले आत्ताच सांगाचं आहे. उद्यावर टाकलं तं गाड्या निघून जातीन.

मी अमरावतीच्या कापूस बाजारात तोलाईवर असतो. आज सकाळी तिथं लाकूडतोड्यांची एक टोळी बैल जुंपून राहिली होती. कुठी चालले म्हून इचारलं. म्हने चिखलदऱ्याच्या वर, वैराटच्या मागं, रेलगाडीच्या रुळाखाली टाकाचा साग तोडाले. मुक्काम कुठी? तं म्हने तिसऱ्या डोंगराच्या मागच्या उतारावर एक कडा आहे, खाली पानी आहे, सावली आहे, तिथंच चुली मांडू.

मी सांगतलं, तिथं मांडू नका, माशी उठते. त्यायच्यातला एक हसला. म्हने, शिपाईगडी अन् माशीले भेतो. मंग बाकीचेही हसले. तोंडी सांगून कोनी ऐकत नाई, म्हून लिहून राहिलो. ज्याले वाचता येते त्यानं त्यायले वाचून दाखवा.

तं ऐका. मी पातूरकडचा. घरी काळी जमीन, चार भाऊ, त्यातला मी धाकटा. ज्या साली मी पलटनीत गेलो त्या साली कापूस नुसता चढून राहिला होता. समुद्रापार कुठीतरी गोऱ्यायची आपसात लढाई, अन् भाव आमच्या गावात वाढलेला. भाऊ बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घालून राहिले होते अन् मी एलिचपूरच्या छावनीत उन्हात लेफ्ट-राइट करून राहिलो होतो. आई म्हने, तुले कोनी मारलं होतं का तिकडे जाले? कोनी नोतं मारलं. मले बंदूक पाहिजे होती, बस.

थंडी सुरू झाल्यावर आमाले चिखलदऱ्याले पाठवलं. रान मोजनीवाला एक साहेब आला होता. त्याले चार डोंगरायच्या माथ्यावर चार पांढरे निशान पाहिजे होते. दुसऱ्या दिवशी तो वैराटच्या टोकावरून दुर्बिनीतून पाहनार अन् कागदावर रेघा वढनार. काम एवढंच. सकाळी निघाचं, चार डोंगर चढाचे, चार बांबू रोवाचे, दिवस बुडाच्या आत परत.

आमी आठ जन होतो. हवालदार हैदराबादकडचा खानसाहेब, बोलने कमी, मिशीले मेहंदी. त्याच्या खाली नाईक सखाराम, अकोल्याच्या जुन्या शहरातला माळी, मोर्ना नदीच्या काठी त्यायचा भाजीचा मळा. बाकी आमी सहा शिपाई. आठाच्या वर एक वाट दाखवनारा कोरकू, सोमजी नावाचा. त्याची भाषा आमाले येत नोती अन् आमची त्याले. हातवारे अन् दोन-चार हिंदी शब्द, तेवढ्यावर भागत होतं.

हवालदार म्हनला, फालीन. आमी वळीत उभे राहिलो. मोजलं, आठ. क्विक मार्च.

पहिला डोंगर सोपा होता. गवत कंबरेएवढं, दव असं का पायाच्या पट्ट्या पिंडरीपर्यंत भिजल्या. माथ्यावर बांबू रोवला, दगड रचले, फडकं बांधलं. दुसरा उभा होता. सरकारी बूट दगडावर घसरत होते म्हून निम्म्यायनं ते गळ्यात टांगले. दुसऱ्याच्या माथ्यावरून खाली सारं वऱ्हाड दिसत होतं, कापूस फुटलेला, जसं कोनी धोतर वाळू घातलं. सखाराम म्हनला, "पाह्य, तुह्ये भाऊ तिकडे चांदी येचून राहिले." मी म्हनलं, तुह्या बापाची वांगीही त्यातच असतीन. तो म्हने, वांग्याले कोन चांदीच्या भावानं घेते बापा.

तिसऱ्याले दम लागला. साग, धावडा, वर मंग नुसता बांबू. निशान रोवून मागच्या अंगानं उतरलो अन् तो कडा आला. उंच, पुढं वाकलेला, खाली गार सावली अन् बारीक झरा. वारा अजिबात नोता. हवालदारानं हाल्ट दिला. जेवन करून चौथा चढाचा.

आता इथं आमच्या जेवनाची रीत सांगतो. ती ज्याले माहीत नाई त्याले पुढचं समजनार नाई. परेडीत आमी खांद्याले खांदा लावून उभे राहतो, पन चूल ज्याची त्याची. हवालदाराची वेगळी, माळ्याची वेगळी, माही वेगळी. देवाजी म्हून एक शिपाई होता, जातीनं महार, त्याची चूल सगळ्यायच्या दूर, एका मोठ्या धोंड्याच्या पलीकडे. कोनी कोनाले तसं सांगत नोतं. थांबलो का मानसं आपोआप पांगत. अन् चामड्याचा पट्टा अन् कोट घालून सयपाक होत नाई, म्हून ते सारं उतरवून बंदुकीयच्या ढिगाजवळ ठेवाचं अन् धोतरावर, उघड्या अंगानं चुलीपुढं बसाचं.

तं आठ मानसायच्या आठ चुली. कोनी रोडगे लावले, कोनी भाकर. लाकडं ओली, धूर लय.

कड्याच्या वाकलेल्या अंगाखाली काळे-काळे पडदे लोंबून राहिले होते. माह्या नजरेत आले, मले वाटलं पान्याचे डाग असतीन. सखारामानं बरोबर ओळखले. म्हने, मोहोळं आहेत. त्यायच्या मळ्यात आंब्याच्या ढोलीत बारकं मोहोळ बसे, बाप धूर देऊन मध काढे. त्यानं हिशोब लावला, "धूर झाला का माशी निजते. रोडग्यासंग मध खाऊ." आमाले ते पटलं. कपाशीच्या गावचे आमी, आमच्याकडची माशी निजतेच.

सोमजी मातर थांबला नाई. झऱ्याच्या कडेकडेनं चालत लय लांब गेला अन् करवंदीच्या जाळीपाशी बसला. तिथून हात वर करून खाली वढून राहिला, पुन्हा वर, पुन्हा खाली. काहीतरी ओरडलाही. हवालदार म्हनला, तंबाकू मांगून राहिला असंन, जेवल्यावर देऊ. लांब काहून बसला हे कोनी इचारलं नाई. चिखलदऱ्यालेही दर जेवनाले तो लांबच बसे. आमाले वाटलं त्याचीही तीच रीत.

धूर वर जाऊन कड्याखाली साचला. मंग तो पडदा हालला. मी पाह्यलं, सांगतो ना, कापडावर वारा फिरावा तसा हालला. मंग आवाज आला, अन् उजेड कमी झाला.

हवालदाराचा एकच हुकूम आला. "भागो. नाले की तरफ."

उघडं अंग. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाई. आमी पळालो. सोमजीनं एकेकाले दंडाले धरून जाळीत खुपसलं, पोटावर पाडलं, वर आपली घोंगडी टाकली. काटे लागत होते ते कळतही नोतं. माह्या उजव्या डोळ्याच्या बुबुळाले डंख बसला होता.

जाळीत पडल्या-पडल्या हवालदारानं नावं घेतली. एकेक जन हो म्हनत गेला. मंग तो म्हनला, देवाजी. कोनी बोललं नाई. पुन्हा देवाजी. धोंड्याच्या पलीकडे त्याची चूल, त्याले कोनी पळताना पाह्यलंच नोतं. मीही नाई.

सखाराम उठून बसला.

हवालदार म्हनला, "नाईक, पडा रह. हुकुम है."

"रोलकालात एक कमी हाये, हवालदारसाहेब," सखाराम म्हनला. सोमजीची घोंगडी वढली अन् गेला.

किती येळ लागला मले सांगता येत नाई. तो आला तवा देवाजी त्याच्या पाठीवर होता अन् घोंगडी देवाजीवर होती. देवाजीचे डोळे मिटून गेले होते, उलट्या दिशेनं रांगत गेल्ता म्हने, पार कड्याच्या पायाशी. सखारामाच्या अंगावर फक्त धोतर. डोकं, मान, पाठ, सारं काळं दिसत होतं. त्यानं देवाजीले जाळीत ढकललं अन् स्वतः बाजूले बसला. म्हने, "आता मोजा."

हवालदारानं मोजलं. आठ.

माश्या परतल्यावर सोमजीनं कोयत्याच्या पातीनं सखारामाच्या पाठीतले माशीचे काटे खरडून काढले. सखारामाले उलटी झाली, मंग पुन्हा झाली. तोंड सुजून वळखू येईना. श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येऊन राहिला होता. डाक्टर चिखलदऱ्याले. मधात तीन डोंगर. दुसरी वाट सोमजीले इचारली, त्यानं नाई म्हून मान हालवली.

एकजन म्हनला, चौथं निशान? हवालदारानं त्याच्याकडे पाह्यलं. म्हनला, बांबू लाओ. चौथ्या निशानाच्या बांबूले निशानाचंच फडकं बांधलं अन् झोळी केली. दोघं बंदुका आनाले गेले, सूर्य कलेपर्यंत थांबून, रांगत. आमी बाकीचे निघालो. थांबलो असतो तं बरं झालं असतं का, हे मले कोनी इचारू नये.

तिसरा डोंगर चढताना सखारामानं पानी मांगतलं. आमचे सगळ्यायचे लोटे कड्याखाली राहिले होते. एकट्या देवाजीच्या हातात लोटा होता, रांगतानाही त्यानं तो सोडला नोता, अन् झऱ्यावर भरून घेतला होता. देवाजीले दिसत नोतं, तो झोळीचा बांबू धरून चालून राहिला होता. त्यानं लोटा पुढं केला, मंग मागं घेतला.

सखाराम म्हनला, "आता कायची वाट पाहून राहिला बे. दे."

देवाजीनं दिला. सखाराम प्याला. अर्धं बाहेर सांडलं, घसा बंद होत आला होता.

खांदे बदलत गेलो. सोमजीनंही खांदा दिला, कोनाले इचारून नाई. दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावर, जिथं सकाळी कापूस दिसला होता, तिथं दम घ्याले झोळी खाली ठेवली. मी जवळ गेलो. सखारामाच्या डोळ्याची नुसती फट राहिली होती, पन मले वळखलं. म्हनला, "मध राहिला ना गड्या." मी म्हनलं, हो राहिला. म्हने, "निजली नाई माशी." ते त्याचं शेवटचं बोलनं. पहिल्या डोंगराच्या चढावर शिट्टीचा आवाज थांबला. हवालदारानं हाल्ट दिला, वाकून पाह्यलं, टोपी काढली. मंग पुन्हा मार्च म्हनला. चिखलदऱ्याले पोचलो तवा दिवस बुडाचाच होता.

दुसऱ्या दिवशी साहेबानं इचारलं, तीन निशान दिसतात, चौथं काहून नाई? हवालदार म्हनला, उसकी झोली बनी, साहब.

पुढं देवाजीचे डोळे उघडले. माह्या उजव्या डोळ्याची नजर काही परत आली नाई, बंदुकीचा नेम गेला, म्हून मी घरी आलो अन् मंग तोलाईवर. जेवनाची रीत काही बदलली नाई. चूल अजून ज्याची त्याची. पन मी निघाच्या आधी हवालदारानं एक हुकूम काढला होता, डोंगरात सगळ्या चुली एका वळीत मांडाच्या, धोंड्याच्या आड एकही नाई. दोघं-तिघं कुरकुरले. चुली वळीत आल्या.

पलटन सुटल्यावर मी अकोल्याले सखारामाच्या बापाकडे गेलो. जुन्या शहरात भाजी घेऊन बसला होता. मी कोन ते सांगतलं. त्यानं मले पोत्यावर बसवलं. इचारलं, कोनासंग लढाई झाली होती? गावात कोनी म्हने दरोडेखोर होते, कोनी म्हने भिल्ल होते. मी म्हनलं, बाबा, माशी होती. आग्या मोहोळ.

"माशी," तो म्हनला. एका बाईले वांगी तोलून दिली. तवर मी बाकीचं सांगतलं, सखाराम जाळीतून उठून मांगं गेला तेही. मंग माह्याकडे न पाहता इचारलं, "अन् बाहेर निघाला होता, तं मांगं काहून गेला?"

"एक मानूस राह्यला होता."

"कोनाचा मानूस?"

मले समजलं तो काय इचारून राहिला ते. मी म्हनलं, "आमच्या आठातला, बाबा."

म्हाताऱ्यानं तराजू खाली ठेवला. मंग मान हालवली, जशी हिशोब जुळल्यावर हालवतात, अन् पुढच्या गिऱ्हाइकाले म्हनला, बोला, काय पाहिजे.

नाईक सखाराम, माळी, मोर्नाकाठचा. त्याच्या मरनाले दुश्मन नोता, म्हून त्याची गोष्ट कोनी सांगत नाई. तुमच्यातलाही कोनी असा गेला काय, ना गोळीनं, ना तलवारीनं? अन् त्याच्या बापानं कोनाचा मानूस म्हून इचारलं, तवा तुमी काय सांगतलं?