पायपेटी फ्रिस्कोला निघाली

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या उल्हासराव केळशीकरांनी एकतीस वर्षं पंपांच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याचं काम केलं. कुठला माल ट्रकने, कुठला रेल्वेने, कुठला विमानाने, हे ते ठरवायचे. गिऱ्हाईक विचारी, "कधी पोचेल?" साहेब विचारी, "किती पडतील?" उल्हासरावांचा प्रश्न तिसराच असे: "वाटेत किती वेळा उतरवतील?"

तो त्यांना ठेच लागून सुचला होता. नवखे असताना त्यांनी काचेची मापकं घाईने विमानातून धाडली. पोचली अगदी वेळेवर. पण पाचदा चढवून-उतरवून त्यांचा चुरा झाला होता.

यंदा एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून पुतण्याचा, केदारचा, फोन आला. तिथलं मराठी मंडळ संगीत नाटक बसवत होतं आणि सुचित्राकाकूंची पायपेटी मागत होतं. उल्हासरावांच्या पत्नी सुचित्राबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. उल्हासराव हो म्हणाले, पण पेटी धड पोचेल ना, या घोराने त्यांना जेवण गोड लागेना.

"काका, एअरने टाका ना! मंडळ पे करेल."

"विमानात चढेपर्यंत तिला चार जणांचे हात लागतील रे."

"मग शेअरिंगचा ट्रक?"

"तो गोदामागणिक माल खाली काढतो. आणि रेल्वेचे हिसके पंपांनीच सोसावेत."

त्यांनी एक व्हॅन ठरवली. इथल्या दारात चढवायचं, तिथल्या दारात उतरवायचं, मध्ये हात नाही. मात्र ती भरल्याशिवाय निघत नसे. तारखेची हमी नव्हती.

"यार काका, प्रयोग झाल्यावर आली तर?"

"तर पुढच्या प्रयोगाला वाजेल. फुटली तर कधीच नाही."

पेटी रजयांत गुंडाळताना त्यांना गणपतीतले कार्यक्रम आठवले. शाळेचं जिम, घड्या घालायच्या खुर्च्या, आणि पावलांनी भाता चालवत, डोळ्यांनी तबलजीला दटावणाऱ्या सुचित्राबाई.

व्हॅन प्रयोगानंतर दोन दिवसांनी पोचली. नाटक की-बोर्डवर निभावलं होतं. उल्हासरावांनी अपराध्यासारखा फोन उचलला.

"काका, एक ओरखडा नाही," केदार म्हणाला. "पण मधल्या सप्तकातली काळी तीनची पट्टी बोलत नाही. वाटेत गेली वाटतं."

उल्हासराव खूप दिवसांनी मोकळे हसले.

"ती इथेही बोलत नव्हती. वीस वर्षं तुझी काकू तिला वळसा घालूनच वाजवायची."

"दुरुस्त करून घेऊ?"



"घ्या. तुमच्या गाणाऱ्यांना लागेल ती. पण आज तशीच वाजव. ऐकू दे मला."